‘गाव परत आणू’ म्हणणाऱ्या गावडा उमेदवाराला तो अधिकार आहे की नाही?

मानसकाठ

काल गोव्यातील गावांच्या या गटावर एका सदस्याने असे लिहिले की, पंचायत निवडणुकीसाठी आमच्या प्रभागातून उभा राहिलेला गावडा या आदिवासी समाजाचा तरुण ‘गाव परत आणू’ म्हणतो हा भाबडेपणा आहे. ज्यांच्या आजोबांना गावकारीत, म्हणजे गावच्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या मूळ घराण्यांच्या संस्थेत, जागा नव्हती त्यांनी कोणता गाव परत आणायचा, आणि बाहेरून गर्दी आली म्हणूनच तर गावात पैसा आला. हे वाचून मला स्वस्थ बसवले नाही, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

गावकारीच्या वहीत नाव नव्हते हे खरे आहे. परंतु खाजनाचा, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीचा, बांध वहीने उभा राहिला नाही. चिखल उपसून, नदीचे खारे पाणी थोपवून ज्यांनी भातशेती उभी केली त्यांत याचेच पूर्वज होते. त्याच्या वडिलांना मी स्वतः मानशीवर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांवर, पाहिले आहे. भरतीच्या वेळी, मग ती मध्यरात्री का असेना, ते कंदील घेऊन जात आणि दारे नीट बसली आहेत की नाही हे हात लावून पाहत. ती दारे आता कुजली आहेत, शेतात खारे पाणी शिरते आणि खाऱ्या जमिनीतले कोरगुट भात पिकवणारे एकच घर उरले आहे.

गेल्या पौषात धालो हा नाचगाण्याचा खेळ खेळायला बायका मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेवर, गेल्या, तेव्हा तेथे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या स्कूटरी उभ्या होत्या. एकीने दिवा धरला आणि बाकीच्यांनी त्या एकेक करून उचलून कडेला लावल्या. मग धालो सुरू झाले. गावात राहायचे तर हेच करावे लागणार असेल, तर तक्रार करणारा भाबडा कसा ठरतो?

तो कोणालाही हाकलून द्या म्हणत नाही. पाण्याची आणि कचऱ्याची सोय दाखवल्याशिवाय नव्या इमारतीला परवाना देऊ नये, मांड आणि तळे यांची पंचायतीच्या दप्तरी नोंद व्हावी, आणि जमिनीचा झोन बदलण्याच्या प्रत्येक अर्जावर ग्रामसभेने मुदतीत हरकत घ्यावी, एवढेच तो घरोघरी सांगत फिरतो.

भाटकाराचा नातू

ती पोस्ट माझीच होती, आणि गावकारीचा उल्लेख वगळता मी ती मागे घेत नाही. तो उल्लेख अनुचित होता.

पंचायतीच्या हातात काय आहे, हे उमेदवाराने लोकांना सांगावे. पंचायतीने परवाना नाकारला की अर्जदार पंचायत उपसंचालकांकडे अपील करतो आणि पुष्कळदा तेथे सुटतो. झोन बदलाचे निर्णय पणजीत होतात. झोन बदलू देणारे नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखालचे नियम उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये रद्द केले, पण त्याआधीच २०२४ मध्ये झोन बदलाचेच ३९-अ हे कलम आले होते. एका प्रभागाचा पंच, म्हणजे पंचायत सदस्य, याला काय करणार?

आणि एक प्रश्न कोणी विचारत नाही: जमीन विकली कोणी? आमची सात शेते १९७६ च्या कूळ कायदा दुरुस्तीने कुळांकडे गेली. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व माझ्या आजोबांनी कोर्टकचेरी न करता मान्य केले. आज त्या सातांपैकी चार पडीक आहेत, दोहोंवर मातीचा भराव पडला आहे, आणि ज्यांना ती कसण्यासाठी मिळाली त्यांचीच मुले आता ‘गाव परत आणू’ या फलकाखाली उभी राहतात.

केपे

नातूबाब, मी तुमच्या बार्देश तालुक्यातली नाही, पण हे वाचून गप्प राहणे मला जमणार नाही. कुळाला मिळालेली जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरता येत नाही, असे १९९१ चा जमीन वापर नियमन कायदा स्पष्ट सांगतो. तेव्हा त्या दोन शेतांवर भराव पडला तो कायदा मोडून पडला, आणि तो टाकणारे ट्रक कुळाच्या मालकीचे नव्हते. उलट डोंगरावर जे बंगले चढले ती जमीन कुळांची कधीच नव्हती. ती कोमुनिदादची, म्हणजे गावकारीची, अफ्रामेंताने (कायम भाडेपट्ट्याने) दिलेली, नाहीतर भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, भरड जमीन होती. ती कोणी विकली, हेही लिहा.

माझ्या वडिलांनी मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर असलेला माणूस, म्हणून घराखालच्या जागेसाठी दावा घातला. कायद्याने गावात ३०० चौरस मीटरपर्यंत जागा मिळते. तेवढ्यासाठी ते १९ वर्षे मामलेदाराच्या दारात उभे राहिले. तारखेच्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून जात, आणि पुढची तारीख घेऊन संध्याकाळी परत येत. निकाल लागला तेव्हा ते नव्हते. आमच्या लोकांना फुकट जमिनी मिळाल्या असे कोणी सुचवले की मला तो सदरा आठवतो.

गावडा, कुणबी आणि वेळीप या आमच्या समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि २०११ च्या जनगणनेत आम्ही राज्याच्या लोकसंख्येत दहा टक्के होतो. तरीही २०२२ च्या निवडणुकीत विधानसभेच्या ४० पैकी एकही जागा आमच्यासाठी राखीव नव्हती. त्याआधी २५ मे २०११ रोजी बाळ्ळीत आमच्या हक्कांसाठी झालेल्या आंदोलनात आमचे दोन तरुण मृत्युमुखी पडले. एखादा मुलगा सर्वसाधारण प्रभागातून, आरक्षणाची वाट न पाहता उभा राहत असेल, तर त्याच्या आजोबांची वही तपासू नका.

सावंतवाडीहून आलेली

मी २८ वर्षांपूर्वी लग्न होऊन या गावात आले. अजून भाड्याच्या खोलीतच राहते. उमेदवार माझ्या दारातही आला होता आणि नीट बोलला, याविषयी माझी तक्रार नाही. पण त्याच्या मागून चालणाऱ्यांपैकी एकाने ‘ही भायली, हिचे मत कशाला’ असे म्हटलेले मी ऐकले. गर्दी हा शब्द तुम्ही सगळे सहज वापरता. तो ऐकला की आमच्या चाळीतली माणसे माना खाली घालतात.

आमच्या चाळीत नऊ खोल्यांना एक विहीर आहे. मे महिन्यात ती आटते. समोरच्या बंगल्यात वर्षातून तीन आठवडे माणसे येतात, पण तरणतलावासाठी टँकर बारा महिने येतो. २०११ च्या जनगणनेतच गोव्यातील सुमारे पाचपैकी एक घर रिकामे आढळले होते. गाव कोणामुळे भरला हे मोजायचे असेल, तर कुलूप लावलेली घरेही मोजा.

म्हापसा

खोल्या भाड्याने देणाऱ्यांविषयीही कोणी बोलावे. माझे यजमान तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला, होते. ते वारल्यावर मी घरामागे चार खोल्या बांधल्या आणि त्यांच्या भाड्यावर दोन मुलींना शिकवले. परवान्याला वेळ लागला, म्हणून एक खोली परवान्याविना उभी आहे, हे मी लपवत नाही. उमेदवाराचा नियम आधी माझ्यावर चालेल, की पुढच्या वळणावरच्या तीन मजली हॉटेलावर? त्याने याचे उत्तर दिले तर मी त्याला मत देईन.

भाटकाराचा नातू

केपेच्या बाईंनी मला भाटकारांच्या पापांचा वारस ठरवले आहे. माझ्या वडिलांनी मुंडकारांना घरांच्या जागा विनातक्रार लिहून दिल्या. त्याची दखल घ्यायला या गटावर कोणी तयार नाही, कारण भाटकार म्हटला की तो दोषीच असला पाहिजे. हे मला मान्य नाही आणि कधीही होणार नाही.

१९९१ च्या कायद्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे. भराव टाकणाऱ्याला तेव्हाच अडवायला हवे होते. आम्ही रस्त्यावरून जाता-येता पाहत राहिलो. डोंगराचा तुकडा माझ्या काकांनी विकला, हेही खरे आहे. त्यांना औषधपाण्यासाठी पैसे हवे होते.

केपे

तुमच्या वडिलांनी जागा लिहून दिल्या असतील तर ते चांगलेच केले. माझ्या वडिलांचा भाटकार तसा नव्हता. आणि औषधपाण्याची गरज कुळांनाही होती, एवढे ध्यानात ठेवा.

मानसकाठ

सावंतवाडीच्या बाईंना जे ऐकावे लागले त्याबद्दल मी उमेदवाराशी आजच बोललो. तसे बोलणारा माणूस यापुढे प्रचारात नसेल. म्हापशाच्या बाईंचा प्रश्नही मी त्याला विचारला. आधी हॉटेल, असे तो म्हणाला, आणि हे प्रचारपत्रकात छापायला तयार आहे.

एका पंचाने काय होणार, हा नातूबाबांचा प्रश्न मी टाळत नाही. २०२५ च्या डिसेंबरात बार्देशातल्याच हडफडे गावातील नाइटक्लबला आग लागून २५ माणसे मेली आणि अरुंद वाटेमुळे बंब दूर थांबवावे लागले. ती वाट किती रुंद आहे हे गावातील प्रत्येकाला ठाऊक होते. पंच एकटा इमारत पाडू शकत नाही, पण वाटेची रुंदी परवान्याच्या फाइलीत लिहून ठेवू शकतो, आणि अपिलात उपसंचालकांना ती वाचावी लागते.

आपल्या डोंगराच्या उरलेल्या भागासाठी ३९-अ खाली अर्ज आला आहे. हरकतीसाठी ३० दिवस असतात, त्यातले अकरा गेले. जुने कागद लागतील.

भाटकाराचा नातू

त्या सर्व्हे क्रमांकाचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद) आणि आजोबांच्या काळातला नकाशा माझ्याकडे आहे. नकाशात डोंगराच्या पायथ्याशी झर दाखवलेली आहे, जिचे पाणी आपल्या तळ्यात येते. प्रती रविवारी ग्रामसभेत आणतो आणि हरकतीचा मसुदाही लिहून देतो. उमेदवाराविषयी माझे मत अजून बदललेले नाही.