अनुभव धागा: क्रीट बेटावरचं हानिया - काय पाहिलंत, काय खाल्लंत, कुठे रमलात?

समुद्रपक्षी

ग्रीस म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक जण अथेन्स, सँटोरिनी, मिकोनोस असं करून येतात, आणि क्रीटला गेलेच तर हेराक्लिओनला उतरून क्नोसोसचा राजवाडा बघून पुढची फेरीबोट पकडतात. पश्चिमेकडचं हानिया राहूनच जातं. जे जातात तेही बरेचदा बीचेससाठी हॉटेल घेऊन रोज सकाळी गाडीने बाहेर पडतात आणि रात्री फक्त झोपायला परत येतात. मला हे मनापासून वाईट वाटतं, कारण हानियाचं जुनं गाव हेच बघायचं ठिकाण आहे. म्हणून हा धागा. जे जाऊन आलेत त्यांनी सविस्तर लिहा, जाणाऱ्यांनी बिनधास्त प्रश्न विचारा.

सुरुवात माझ्यापासून. बंदराच्या तोंडाशी दीपगृह आहे, मूळ व्हेनिसवाल्यांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, पुढे १८३० च्या दशकात बेट इजिप्तच्या ताब्यात असताना ते नव्याने उभारलं गेलं म्हणून त्याचा बांधा मिनारासारखा दिसतो. पलीकडच्या फिरकास किल्ल्यावरून ते इतकं जवळ दिसतं की आत्ता पोचू असं वाटतं, पण मधे पाणी आहे, त्यामुळे चालत जायचं तर अख्ख्या बंदराला वळसा घालून, जुन्या जहाजबांधणीच्या दगडी शेड्स आहेत (त्यांना निओरिया म्हणतात) त्यांच्या पुढून लाटांच्या बांधावर चढायचं आणि बांधावरून टोकापर्यंत. सकाळी सातच्या आसपास निघा. तेव्हा कोळी जाळी आवरत असतात, हॉटेलवाले फरशी धूत असतात आणि टोकाला पोचून मागे वळलं की एका नजरेत पिवळी-गुलाबी घरं, मशिदीचे घुमट आणि त्यांच्या मागे लेफ्का ओरी, म्हणजे पांढरे पर्वत. मे महिन्यातसुद्धा वर बर्फ होतं आणि खाली लोक पोहत होते. बांधाला कठडा नाही आणि वारा असला की पाणी वर येतं, त्यामुळे लहान मुलांचा हात सोडू नका.

मुक्काम_पोस्ट_दुबई

फार छान धागा. आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो, दोघंही सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखरे, त्यामुळे त्या बाजूने लिहिते.

जुन्या गावात राहायचं असेल तर आधी विचारून घ्या की खोली कितव्या मजल्यावर आहे. घरं व्हेनेशियन काळातली, जिने लाकडी आणि उभे, लिफ्ट जवळपास नसतेच. गल्ल्यांमध्ये गाडी येत नाही, टॅक्सी कडेला सोडते आणि पुढे बॅगा दगडी फरशीवरून ओढायच्या. आम्ही स्प्लांझिया भागात तळमजल्याची खोली घेतली आणि तो निर्णय फार चांगला ठरला, बंदरापासून जवळ पण रात्रीचा गोंगाट नाही. तिथल्या चौकात एक प्रचंड जुना प्लेनचा (म्हणजे चिनारचा) वृक्ष आहे, त्याच्या सावलीत कॅफेच्या खुर्च्या, आणि समोर सेंट निकोलसचं चर्च, ज्याला एका बाजूला घंटाघर आणि दुसऱ्या बाजूला मिनार आहे. आधी डोमिनिकन मठ, १६४५ मध्ये तुर्कांनी हानिया घेतल्यावर मशीद, मग १९१८ पासून ऑर्थोडॉक्स चर्च. बाबा रोज संध्याकाळी तिथे ग्रीक कॉफी घेऊन बसायचे आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांशी, एकमेकांची भाषा अजिबात येत नसताना, तासभर गप्पा मारायचे. काय बोलायचे देव जाणे पण दोघंही खुश.

पुराणवस्तू संग्रहालय २०२२ मध्ये हालेपा भागात नव्या इमारतीत गेलंय. चढउतार नाहीत, बसायला जागा आहे, एसी आहे, ज्येष्ठांसाठी उत्तम. तिथे एक मातीचा शिक्का आहे तो चुकवू नका. इथल्याच कास्तेली टेकडीवर सापडलेला, मिनोअन काळातला, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. बोटाच्या पेराएवढा तुकडा, पण त्यावर समुद्रकाठचं आख्खं गाव कोरलंय, दरवाजे, मजले, खालचे खडक, आणि छपरांच्या वर हातात काठी घेतलेला एक उंच पुरुष. बाबांनी चष्मा पुसून पुसून बघितला. आपण ज्या टेकडीखाली सकाळी नाश्ता केला तिथलीच ही घरं असतील असं डोक्यात आलं आणि पाय निघेना.

आंबटचुका

प्रवासावर पण लिहा ना कोणीतरी. आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर चालेल का?

समुद्रपक्षी

@आंबटचुका, अथेन्सहून हानियाला विमान साधारण पाऊण-एक तासात जातं. आम्ही अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची फेरीबोट घेतली, केबिनमध्ये झोपायचं आणि पहाटे सूदा बंदरात उतरायचं, तिथून शहर जवळ, बस मिळते. हॉटेलची एक रात्र वाचते शिवाय जहाजाचा अनुभव वेगळाच.

दिवाळी ऑक्टोबरमध्ये असेल तर जरूर जा, समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो त्यामुळे पोहता येतं आणि गर्दी ओसरलेली असते. नोव्हेंबरमध्ये पाऊस सुरू होतो, बीचजवळची हॉटेलं बंद होतात, पण जुनं गाव चालू असतं.

शाकाहारी_अनु

खाण्याबद्दल मी लिहिते कारण जायच्या आधी मला सगळ्यांनी घाबरवलं होतं की उपाशी राहशील, ठेपले ने. ठेपले तसेच परत आले. क्रीटच्या लोकांइतक्या भाज्या, कडधान्यं आणि ऑलिव्ह ऑइल मी युरोपात कुठे बघितलं नाही.

दाकोस पहिल्याच दिवशी खा. बार्लीचा कडक टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा नावाचं आंबूस चीज, ओरेगानो आणि तेल, टोमॅटोचं पाणी खाली मुरेपर्यंत दोन मिनिटं थांबा मग खा. हानियाचं बुरेकी म्हणजे झुकिनी, बटाटा, मिझिथ्रा आणि पुदिना थरावर थर लावून भाजलेलं, हे मी जवळपास रोज खाल्लं. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी लिंबू-तेल घालून. स्तामनागाथी पण घ्या, थोडी कडसर असते. हिरव्या भाज्या भरलेल्या छोट्या पेस्ट्री, कालित्सुनिया, त्या कुठल्याही बेकरीत मिळतात.

नाश्त्याला बुगात्सा. दुकानात मोठ्या परातीतून पापुद्र्यांचा गरम तुकडा काढून ते लोखंडी पात्याने टक टक टक असे भराभर चौकोन पाडतात, आत मिझिथ्रा, वरून साखर आणि दालचिनी. इतर ग्रीसमध्ये आत कस्टर्ड घालतात, इथला चीजचा असतो आणि थोडा खारट-गोड लागतो. साखर कमी घाला असं सांगता येतं.

आता सावधगिरी, ही नीट वाचा. गामोपिलाफो नावाचा लग्नातला भात मेन्यूवर नुसता तांदूळ दिसतो पण तो मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. दुसरं, निस्तिसिमो म्हणजे त्यांचं उपासाचं, त्यात मांस, दूध, अंडं नसतं, पण कालवं, ऑक्टोपस, स्क्विड चालतं, त्यामुळे निस्तिसिमो म्हणजे शाकाहारी असं धरून चालू नका. भरलेल्या टोमॅटोत कधी खिमा असतो, 'होरीस क्रेआस' म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हटलं की लगेच सांगतात. आणि जेवण झाल्यावर न मागता फळं किंवा गोड आणि छोट्या बाटलीत त्सिकुदिया (रकी) येते, ती त्यांच्याकडून असते. पीत नसाल तर हसून नको म्हणा, पण फळं परत पाठवू नका, त्यांना खरंच वाईट वाटतं.

निसर्गवेडा_सह्याद्री

समारिया घळ. हानियाला जाऊन हे केलं नाही तर ट्रेकर म्हणवून घेऊ नका असं मी म्हणेन.

पहाटेची बस हानियाहून ओमालोसच्या पठारावर झिलोस्कालोला सोडते, उंची साधारण १२३० मीटर, आणि तिथून १६ किलोमीटर फक्त उतार, थेट लिबियन समुद्रापर्यंत. पहिले दोनतीन किलोमीटर नागमोडी दगडी वाट, गुडघ्यांची परीक्षा तिथेच होते, नंतर सायप्रस आणि पाइनचं जंगल, मग ओढ्याकाठचं समारिया गाव जे १९६२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा रिकामं केलं गेलं. दगडी घरं तशीच उभी आहेत, लोक तिथे डबे खायला बसतात, आणि तिथेच मला क्री-क्री दिसली, क्रीटची रानशेळी. शिंगं मागे वळलेली, अंगावर गडद पट्टा, माझ्यापासून अगदी थोड्या अंतरावर शांतपणे पाला खात होती, मान वर करून एकदा बघितलं आणि परत खायला लागली, मी श्वास रोखून उभा. त्यापुढे सिदेरोपोर्तेस, लोखंडी दरवाजे, जिथे दोन्ही बाजूला शेकडो मीटरचे सरळसोट कडे आणि मधली वाट तीनचार मीटर रुंद. सांधण दरी उतरलेल्यांना तो गारवा आणि वर दिसणारी आभाळाची पट्टी ओळखीची वाटेल.

काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. घळ साधारण मे ते ऑक्टोबर उघडी, पाऊस किंवा फार उष्मा असला तर बंद ठेवतात, आदल्या दिवशी चौकशी करा. तिकीट जपून ठेवा, खाली बाहेर पडताना परत घेतात, आत कोणी राहिलं नाही ना याची ती मोजणी असते. वाटेत झऱ्यांचं पाणी मिळतं, बाटली एकच पुरते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाली अगिया रुमेलीला गाडीरस्ताच नाही, संध्याकाळच्या बोटीनेच सुगिया किंवा होरा स्फाकियोनला जायचं आणि तिथून बसने हानिया. म्हणून सकाळची पहिली बस घ्या म्हणजे खाली पोचून समुद्रात पाय सोडून बसायला वेळ मिळतो. साधे स्पोर्ट्स शूज नकोत, चांगल्या ग्रिपचे घाला.

राईनकाठची_मावशी

सगळे चालायचंच सांगताय, मी मुलं घेऊन गेलेल्यांसाठी लिहिते. जर्मनीतून थेट विमानं आहेत त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यात अर्धी शाळा क्रीटला असते.

एलाफोनिसी आणि बालोस, दोन्हींचे फोटो बघून सगळे वेडे होतात. एलाफोनिसीची वाळू खरोखर गुलाबी आहे, बारीक शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे, पाणी इतकं उथळ की लहान मुलं लांबवर चालत जातात. पण हानियाहून ७५ किलोमीटर घाटाचा रस्ता आहे, मुलांना गाडी लागते, आणि ऑगस्टमध्ये दुपारी पाय ठेवायला जागा नसते. माझं स्पष्ट मत, जुलै-ऑगस्टमध्ये असाल तर एलाफोनिसी सोडून द्या, जून किंवा सप्टेंबर असेल तर पहाटे निघा. वाळू बाटलीत भरून आणू नका, मनाई आहे. बालोसला गाडीने जायचं तर कच्चा रस्ता आणि शेवटी पायऱ्या, त्यापेक्षा किसामोसहून बोट घ्या, ती आधी ग्रामवुसाच्या बेटावर थांबते, वर किल्ला आहे, मुलांना तेच जास्त आवडलं.

बाकीच्या दिवशी नेआ होरा. बंदरापासून पश्चिमेला पंधरा मिनिटं चालत, वाळूचा, उथळ, शॉवर आहेत, मागे ओळीने मासळीची हॉटेलं. गावातली आजीआजोबा मंडळी सकाळी टोप्या घालून पाण्यात उभी राहून गप्पा मारतात, आम्ही त्यांच्यातच जाऊन उभे राहायचो.

गाडी घेणाऱ्या भारतातल्या लोकांनी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या. हायवेवर मागून कोणी जवळ आलं की स्थानिक लोक उजवीकडे पांढऱ्या रेषेबाहेर सरकून वाट देतात, घाबरू नका, तिथली रीतच आहे. आणि टॉयलेटमध्ये कागद फ्लश करायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, जुने पाइप बारीक आहेत, मुलांना पहिल्या दिवशीच सांगून ठेवा.

जुनी_पानं

फिरकास किल्ला वर आलाच आहे. १ डिसेंबर १९१३ ला तिथेच ग्रीसचा झेंडा चढवून क्रीट ग्रीसमध्ये सामील झाल्याचा सोहळा झाला. ते घडवून आणणारा नेता एलेफ्थेरिओस वेनिझेलोस इथल्याच मूर्निएस गावचा, त्याची समाधी शहराबाहेर अक्रोतिरीच्या टेकडीवर आहे, खाली सगळं हानिया दिसतं, सूर्यास्ताला जा.

पण मला लिहायचंय ते एत्झ हायिम सिनेगॉगबद्दल, म्हणजे इथल्या ज्यूंच्या प्रार्थनास्थळाबद्दल. बंदरामागच्या गल्लीत, दार साधं, सहज पुढे निघून जाल असं. हानियाच्या ज्यू लोकांना १९४४ च्या मे महिन्यात जर्मनांनी पकडलं आणि जूनमध्ये तानाइस नावाच्या जहाजातून नेत असताना ते जहाज ब्रिटिश पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडालं. आत ग्रीक आणि इटालियन कैदीही होते. शेकडो वर्षांची वस्ती, काही दिवसांत संपली. नंतर ही वास्तू पडीक झाली होती, निकोस स्ताव्रुलाकिस या अभ्यासकाने खपून ती उभी केली आणि १९९९ मध्ये पुन्हा उघडली. २०१० मध्ये दोनदा आग लावली गेली, पुन्हा दुरुस्त केली. अंगणात लिंबाची झाडं आहेत, आत बुडालेल्यांची नावं लावलेली आहेत, आडनावं तीच तीच परत येतात, आईबाप, मुलं, सुना. मी ती सगळी वाचली. कृपया कोणीतरी जात राहा तिथे.

सूदाच्या खाडीवर कॉमनवेल्थ युद्धस्मशान आहे, मे १९४१ च्या क्रीटच्या लढाईतले सैनिक, दीड हजारांच्या आसपास कबरी, त्यातल्या बऱ्याचशांवर नावच नाही. बसने जाता येतं.

आंबटचुका

वाचून अंगावर काटा आला. नक्की जाणार. खरेदीचं पण सांगा कोणी.

मुक्काम_पोस्ट_दुबई

@आंबटचुका, स्क्रिडलोफ गल्लीत चामड्याच्या बॅगा आणि सँडल्स, पूर्वी तिथे क्रीटचे उंच बूट बनायचे. पण खरं बघायचं असेल तर सिफाका रस्त्यावर सुऱ्या बनवणारे आहेत. क्रेटन सुरीच्या पात्यावर मांतिनादा कोरतात, म्हणजे यमक जुळणाऱ्या दोन ओळी, प्रत्येकी पंधरा अक्षरांच्या, प्रेमाच्या, दोस्तीच्या, कधी विरहाच्या. आम्ही ज्यांच्याकडून घेतली त्या काकांनी आधी ओळी म्हणून दाखवल्या, मग मोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला, मग बाबांचं नाव विचारून ग्रीक अक्षरांत मुठीजवळ कोरून दिलं. मूठ शिंगाची असते. सुरी चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये चालणार नाही.

शनिवार मध्ये येत असेल तर मिनोओस रस्त्यावर जुन्या तटाला लागून आठवडी बाजार भरतो, सकाळी लवकर जा. ऑलिव्ह, डोंगरातला थाइमचा मध, वाळवलेली ओरेगानोची जुडी, डिक्तामो नावाची औषधी वनस्पती (चहा करतात तिचा) हे सगळं दुकानांपेक्षा स्वस्त आणि चाखायला देतात. तेल पत्र्याच्या डब्यात घ्या, काचेच्या बाटलीत नको. डबा प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून कपड्यांच्या मधोमध ठेवा, आमचा दुबईपर्यंत नीट पोचला.