६४ माणसं आणि ३५ डेस्क: जमेल का?

धांदल:

आमच्या कंपनीत ६४ जण आहेत. ऑफिसचा करार लवकरच संपतोय आणि नवीन जागा बघायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी मूळची एचआरमधली, जागेच्या व्यवहारातलं मला ओ की ठो कळत नाही.

आठवड्यातून तीन दिवस यायचं, कुठले ते ज्याचं त्यानं ठरवायचं, असा आमचा नियम. दाराशी कार्ड लावतात त्यावरून गेल्या तिमाहीची हजेरी काढली. सोमवारी साधारण २०, मंगळवारी ४१, बुधवारी ४६, गुरुवारी ३९, शुक्रवारी १४. सरासरी ३२. साहेबांनी तेवढा एकच आकडा उचलला. म्हणाले, मग ३५ डेस्क पुष्कळ झाले, ठरलेली जागा कुणालाच नको, वाचलेल्या पैशात सोफे आणि झाडं घेऊ. बुधवारी उरलेल्या ११ जणांनी झाडाखाली बसायचं का, असं विचारलं तर उत्तर आलं, "लोक आपोआप इतर दिवसांत विभागले जातील."

पर्याय दोन आहेत. एक, पाच वर्षांच्या करारावर मोकळी जागा, आतलं सगळं काम आपण करून घ्यायचं. दुसरा, कोवर्किंगवाल्यांकडचा (म्हणजे तयार ऑफिस भाड्यानं देणाऱ्यांकडचा) एक स्वतंत्र भाग, सगळं तयार, करार वर्षाचा. चौरस फुटाला दुसरा बराच महाग पडतो. कुणी यातून गेलंय का?

चावीवाली:

ऑफिसं उघडायची, हलवायची आणि बंद करायची हेच माझं काम, बरीच वर्षं. चाव्यांचा जुडगा माझ्याकडे असतो, म्हणून हे नाव.

आधी साहेबांचं ते "आपोआप" बघू. तसं होत नाही हो. माणूस ऑफिसला येतो तो बाकीचे येतात म्हणून. शुक्रवारी रिकाम्या मजल्यावर बसून व्हिडिओ कॉलच करायचे असतील तर ते घरूनही होतात, हे न कळण्याइतकं कुणी खुळं नसतं. मंगळ-बुध-गुरूचा फुगवटा हायब्रिड पाळणाऱ्या बहुतेक कंपन्यांत दिसतो. तो कमी करायचा तर टीमना वार वाटून द्यावे लागतात, आणि ते साहेबांनी स्वतः जाहीर करावं लागतं. एचआरच्या मेलनं कुणी हलत नाही (रागावू नका).

शिवाय तुमच्या आकड्यांतच एक गोम आहे. ६४ गुणिले तीन म्हणजे १९२. तुमची आठवड्याची बेरीज भरते १६०. रजा, आजारपण, दौरे धरले तरी काही जण नियमापेक्षा कमी येताहेत आणि त्यांना कुणी विचारत नाही. उद्या विचारणारा आला म्हणजे? ॲमेझॉननं २०२४ मध्ये जाहीर केलं की नव्या वर्षापासून पाचही दिवस ऑफिसला या, आणि काही शहरांत बसायलाच पुरेशी जागा नाही म्हणून तिथल्या लोकांना तारीख पुढची द्यावी लागली.

तर सरासरी विसरा. गर्दीच्या वारी सकाळी अकरा वाजता किती माणसं प्रत्यक्ष बसलेली आहेत, तो आकडा धरा. तो कार्डाच्या नोंदीत सापडत नाही, कारण कार्ड आत शिरणारा मोजतं. तोंड दाखवून तासाभरात सटकणारा त्याला दिसत नाही. दोन आठवडे कागद-पेन्सिल घेऊन अकराला आणि तीनला स्वतः चक्कर मारा. डेस्कवर माणूस आहे, नुसती बॅग आहे की काहीच नाही, एवढंच लिहायचं. बॅगांचा रकाना बघून साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होईल.

पण माझं खरं म्हणणं डेस्कबद्दल नाहीच. हल्लीच्या ऑफिसांत कमी पडतात ती लावून घेता येतील अशी दारं. अलीकडेच एका ठिकाणी बघितलेलं सांगते. बारा खुर्च्यांची मीटिंग रूम. आत एकटा मुलगा, पुढ्यात लॅपटॉप, कानावर हेडफोन, भिंतीवरची भलीमोठी स्क्रीन बंद, अकरा खुर्च्या टेबलाखाली सरकवलेल्या. काचेबाहेर पाच जण उघडे लॅपटॉप हातावर तोलत ताटकळताहेत, कारण खोली त्यांनी बुक केलेली. तो आतून दोन बोटं दाखवतोय, दोनच मिनिटं म्हणून. त्याला तरी काय बोलणार? क्लायंटशी खासगी बोलायला अख्ख्या मजल्यावर दुसरं दार नव्हतं. आर्किटेक्टच्या रंगीत चित्रात त्याच खोलीत बाराजण बसून हसत होते.

म्हणून मोठी खोली एकच ठेवा. चौघांच्या तीन-चार करा आणि एकट्याला बोलायला फोन-केबिन निदान पाच. केबिनला पंखा हवाच, नाहीतर दहा मिनिटांत माणूस घामाघूम होऊन बाहेर येतो. बुकिंगची सिस्टीम अशी घ्या की दहा मिनिटांत कुणी आलं नाही तर खोली आपोआप मोकळी होईल. डेस्क मी ४८ धरीन. वार खरोखर वाटून दिलेत तर ४० वर भागेल. ३५ वर नाही.

आणि प्रत्येकाला लॉकर. १९९४ च्या सुमारास शायट-डे या अमेरिकन जाहिरात कंपनीनं लॉस एंजेलिसच्या ऑफिसात ठरलेली डेस्क काढून टाकली. सकाळी काउंटरवरून फोन आणि लॅपटॉप उचलायचा आणि मिळेल तिथे बसायचं. फोन-लॅपटॉप पुरेनात, लोक फायली स्वतःच्या गाडीच्या डिकीत ठेवायला लागले. काही वर्षांत तो प्रकार गुंडाळला. आज फायली नाहीत, पण चार्जर, कीबोर्ड, स्वेटर आहेतच.

हेडफोनवाला:

हे सगळं ज्यांच्या बोकांडी बसतं त्यांच्यातला मी एक. कोड लिहितो.

"भिंती काढल्या की लोक एकमेकांशी बोलतात" हे साहेबांकडून येणारच, तेव्हा तयारीत राहा. हार्वर्डच्या ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांचा २०१८ चा अभ्यास आहे. दोन बड्या कंपन्या भिंती नसलेल्या मोकळ्या ऑफिसात गेल्या, त्याच्या आधी आणि नंतर त्यांनी माणसांच्या गळ्यात सेन्सरचे बिल्ले घालून मोजलं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. मला यात नवल वाटत नाही. चारही बाजूंनी दिसत असलो की मी हेडफोन चढवतो, मग त्यात गाणं चालू असो वा नसो.

सोफ्यावर कुणी काम करत नाही. मान धरते.

चावीवालींचं एक मात्र पटलं नाही. टीमना वार वाटून दिलेत तर माझी पंचाईत. माझं निम्मं काम टेस्टिंगवाल्यांशी, आणि त्यांना गुरुवार दिला की मी मंगळवारी ऑफिसला येऊन कुणाशी बोलू?

चावीवाली:

बरोबर आहे, तक्त्यावरच्या खात्यांप्रमाणे वार वाटले तर हेच होणार. कोणाचं कोणाशी अडतं ते बघून जोड्या लावायच्या आणि एक वार सगळ्यांचा ठेवायचा. बसवतानाही तसंच. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७० च्या दशकात इंजिनियर लोकांवर मोजून दाखवलं होतं की बसण्याच्या जागांमधलं अंतर वाढलं की बोलणं झपाट्यानं कमी होतं, आणि पन्नासेक मीटरच्या पुढे तर फारसं उरतच नाही. टेस्टिंगवाले वेगळ्या मजल्यावर गेले तर वार एक असूनही तुम्ही त्यांना मेसेजच टाकाल.

जमाखर्च:

पैशाचं बोलतो. धांदल, चौरस फुटाचा भाव बाजूला ठेवा, दोन्ही पर्याय दर माणशी दर महिना या एकाच मापात आणा. मोकळ्या जागेच्या भाड्यात आतलं फर्निचर-वायरिंग पाच वर्षांत वाटून घाला, मग वीज, एसीची देखभाल, साफसफाई, इंटरनेट, विमा. आत काम चालू असताना जुन्या आणि नव्या दोन्ही जागांचं भाडं भरावं लागतं ते महिनेही धरा. मालकाकडे बिनभाड्याचा काळ मागायचा तो त्यासाठीच. भाडं ज्या क्षेत्रफळावर लावतात त्यात लॉबी, जिने, लिफ्ट यांचा वाटा मिसळलेला असतो. किती माणसं मावतील ते कार्पेट एरियावरून, म्हणजे आतल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेवरून धरा. इतकं केल्यावर महाग वाटणारा पर्याय कधीकधी जवळपास सारखाच निघतो.

साहेबांना वर्षाचा करार का आवडतो, त्याचं एक कारण ताळेबंदात असू शकतं. आयएफआरएस १६ हे हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक २०१९ पासून लागू झालं. ते पाळणाऱ्या कंपनीला बारा महिन्यांपेक्षा लांब मुदतीचा भाडेकरार मालमत्ता आणि देणं म्हणून दाखवावा लागतो. पाच वर्षांची सही केली की तेवढं देणं कागदावर दिसायला लागतं. बँकेशी कर्जाची बोलणी चालू असतील तर विचारून घ्या.

पण कोवर्किंगवाला स्वतः कोणाचा भाडेकरू आहे तेही बघा. वीवर्क या कोवर्किंग कंपनीनं लांब मुदतीवर जागा घेऊन छोट्या मुदतीवर भाड्यानं दिल्या. २०१९ च्या सुरुवातीला तिचं मूल्यांकन ४७ अब्ज डॉलर होतं, नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला आणि बऱ्याच इमारती सोडल्या. तुमच्या कोवर्किंगवाल्यानं मूळ करार सोडला तर तुमचं काय, हे लेखी घ्या.

धांदल:

सगळ्यांचे आभार. १९२ आणि १६० दाखवल्यावर साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ४२ बघा, वार मी जाहीर करतो. सोफे एकावर आले. उद्या मोकळी जागा बघायला जायचंय, तिथे नेमकं काय बघू?

चावीवाली:

बुधवारी सकाळी, सगळे कामावर यायच्या वेळेला जा, दलाल सांगेल त्या वेळेला नाही. तळमजल्यावर लिफ्टसाठी उभं राहून किती थांबावं लागतं ते बघा. वरच्या मजल्यावर कुणाचं चालू ऑफिस असेल तर त्यांच्या ॲडमिनला गाठून विचारा की एसी संध्याकाळी किती वाजता बंद करतात आणि नंतर हवा असेल तर तासाला काय घेतात. मोबाइलची रेंज खिडकीपाशी नको, अगदी मधल्या खांबाजवळ तपासा. जमलं तर कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र न्या. बाहेरच्या हवेत ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास असतं. त्याच इमारतीतल्या एखाद्या भरलेल्या खोलीत हजाराच्या बरंच वर दाखवत असेल तर ताजी हवा कमी येतेय, आणि दुपारच्या मीटिंगा तुमच्या डोळ्यांदेखत पेंगतील.

करारात "जागा मूळ स्थितीत परत करणे" असं कलम असतं. आपण बांधलेल्या केबिन पाडून, छताच्या वायरी काढून द्यायच्या की तशाच सोडल्या तरी चालतील, ते सहीच्या आधी ठरवा, आणि रिकाम्या जागेचे फोटो तारखेसकट काढून करारालाच जोडा.