शनिवारचा डोंगर: मागे कोण?

बिराजदार वहिनी (बी-३०२): हत्तुरे सर, राग मानू नका, पण ग्रुपवरच बोलते. संध्याकाळी साडेसातला येतो म्हणून डोंगरावर गेलेली माणसं रात्री पावणेदहाला गेटात. एकाचाही फोन लागेना. आमच्या ह्यांना बीपी आहे हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे, तरी घाटात एकटे मागे सोडले?

हत्तुरे सर (ए-१०४): वहिनी, नमस्कार. फोन चालू होते, तिथं खाली रेंजच नसते. आणि साहेब एकटे नव्हते, फोटो काढायला थांबले होते.

बिराजदार वहिनी: फोटो काढणारा माणूस एकटाच असतो सर.

येमुल काका: सोलापूरला डोंगर कुठला बे? तुळजापूरपर्यंत पेट्रोल जाळायचं, चढायचं अन् परत उतरायचं. आपल्या टेरेसवर फेऱ्या मारा की. फुकट हाय.

स्वाती माशाळ (सी-२०१): मला ह्या शनिवारपासून यायचंय. एकच विचारते, सगळ्यांच्या मागे कोण चालतं?

हत्तुरे सर: स्वागत आहे. सूचना परत टाकतो, कारण वाचत कुणीच नाही. संध्याकाळी पाचला गेटवर. माणशी दोन लिटर पाणी. चप्पल, सँडल नको. मोबाईलची टॉर्च धरू नये, वेगळी आणा. काळा दगड दिवसभर तापलेला असतो, सूर्य गेल्यावरही वाफ मारतो. वारा सुटला की तहान लागत नाही आणि तिथंच माणूस फसतो.

येमुल काका: दोन लिटर? नळ चार दिवसांनी येतोय साहेब.

शेखभाई सेक्रेटरी: नळावरून आठवलं. काल बी विंगची मोटर कोण चालू ठेवून झोपलं? टाकी तासभर वाहत होती.

बिराजदार वहिनी: विषय बदलू नका.

देशपांडे आजी: आमची मीनल अमेरिकेत फिनिक्सला असते. तिथं वाळवंटातलेच डोंगर, ऊन आपल्यापेक्षा कडक. ऑफिस सुटलं की त्यांचा ग्रुप दर आठवड्याला जातो. फार ऊन असेल त्या दिवशी कॅमलबॅक डोंगराच्या वाटा तिथली महापालिकाच बंद ठेवते, संध्याकाळी पाचपर्यंत. मीनल म्हणते, बाटली अर्धी झाली की माथा राहिला तरी मागं फिरायचं. उन्हाळ्यात साप दिवस मावळल्यावर निघतात, म्हणून उजेड टाकल्याशिवाय दगडाला हात लावत नाहीत.

येमुल काका: आजी, तिथली महापालिका डोंगर बंद करते, आपली नळ बंद करते 😂

कोळी सिस्टर (सी-१०१): सापाचं हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे घोणस आणि फुरसं दोन्ही आहेत. घोणस निदान मोठ्यानं फुसकारते. फुरसं हातभरही नसतं, मुरमाच्या रंगाचं, पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. चावलं तर दोरी बांधायची नाही, ब्लेड मारायचं नाही. पाय हलू न देता गाडीत घालून थेट सिव्हिल.

स्वाती माशाळ: थँक्यू सिस्टर. पण मागे कोण चालतं?

पवन (ए-३०३): एवढं लांब कशाला, नान्नजला जाऊ ना. जवळ आहे, सपाट आहे.

हत्तुरे सर: ते माळढोक पक्ष्यांचं अभयारण्य आहे पवन. वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही, अंधारात तर नाहीच.

येमुल काका: आणि बिराजदार साहेब तिथं मागं राहिले तर माळढोकासारखे दुर्बिणीतून शोधत बसा.

बिराजदार साहेब (बी-३०२): मी ग्रुपवर आहे. वाचतोय.

येमुल काका: 🙏

बिराजदार साहेब: फोटोबिटो काही नव्हते. उतारावर मुरूम निसटत होता आणि पुढची पोरं पळत उतरली. मी बसत बसत खाली आलो. मोज्यातली कुसळं अजून निघाली नाहीत.

बिराजदार वहिनी: हे मला घरी नाही सांगितलं!

हत्तुरे सर: साहेब, मला तसं सांगण्यात आलं होतं. चढताना सगळे बरोबर असतात, उतरताना कुणी ऐकत नाही. मी कुणाकडून रुपया घेत नाही, गाडी माझी, शिव्याही मीच खायच्या. जमत नसेल तर दुसऱ्या कुणी घ्या.

चेअरमन: सदर उपक्रमाशी सोसायटीचा काहीही संबंध नाही याची सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.

बिराजदार वहिनी: गेल्या महिन्यात सोसायटीच्या बॅनरसकट तुमचाच फोटो होता चेअरमन साहेब, डोंगरावर.

पवन: वहिनी रॉक्स

स्वाती माशाळ: मागे कोण?

कोळी सिस्टर: मी चालते मागे. पण माझी ड्युटी नसेल त्याच शनिवारी.

बिराजदार साहेब: ह्या वेळी मी. तसाही मागेच असतो.

बिराजदार वहिनी: तुम्ही घरी. शनिवारी नळ आहे.

हत्तुरे सर: ठीक. शनिवारी उजेड असतानाच उतरायला लागायचं, माथा होवो न होवो. पुढं मी, मागं सिस्टर. सिस्टरच्या मागं कुणी राहायचं नाही, पुढं पळणाऱ्यानं आपलं आपण बसनं यायचं. पवन, तुलाच म्हणतोय.

पवन: 👍

शेखभाई सेक्रेटरी: मोटर कुणाची ते अजून कुणी सांगितलं नाही.