सीएमबॅट डॉट सिस डिलीट करू नका
लॅपटॉपमधली 'सीएमबॅट डॉट सिस' (CmBatt.sys) ही फाइल व्हायरस समजून उडवा, असं इथे कुणीतरी सांगितलंय. कृपया तसं करू नका, ती विंडोजचीच फाइल आहे, बॅटरीचा ड्रायव्हर (हार्डवेअरशी बोलणारा छोटा प्रोग्राम). बॅटरी किती उरली हे ती फर्मवेअरकडून (लॅपटॉपच्या चिपमध्येच असलेल्या सॉफ्टवेअरकडून) विचारून घेते. तिची जागा सिस्टीम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरात. त्याच नावाची फाइल डाउनलोड्समध्ये सापडली तर मात्र स्कॅन कराच.

'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' (चार्जर लावलाय, पण चार्ज होत नाही) दिसत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या बॅटरीजखाली 'कंट्रोल मेथड बॅटरी' (याच ड्रायव्हरवर चालणारी नोंद) अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा, ड्रायव्हर आपोआप परत बसतो. त्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावलेली नाही ना, तेही बघा. तरीही अडलं तर कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी /बॅटरीरिपोर्ट' (powercfg /batteryreport) चालवा. त्या रिपोर्टात फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्जला मावते ती) डिझाइन कपॅसिटीच्या (नवी असतानाच्या क्षमतेच्या) निम्म्याहून कमी आली, तर बॅटरीच थकलीय; ड्रायव्हरच्या मागे लागू नका.