समुद्राचा निळा रंग ठिपकेदार येतो: मोकुहांगासाठी (जपानी लाकडी ठशांची छपाई) सल्ला हवा

खारावारा:
नमस्कार मंडळी. तीन वर्षं योकोहामात राहते. सुट्टीच्या दिवशी शिचिरिगाहामाच्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसते. समोर एनोशिमा बेट, हवा स्वच्छ असली तर मागे फुजी. तोच समुद्र लाकडी ठशांतून छापायचा ध्यास घेतलाय. पोस्टकार्डाएवढ्या शिना (जपानी लिंडन) लाकडाच्या प्लायवर चार ठसे कोरले, एक रेघांचा नि तीन रंगांचे. रेघा जमल्या, पाणी जमत नाही. निळा रंग सपाट बसतच नाही, मध्ये तीळ पेरल्यासारखे पांढरे ठिपके राहतात. दहाव्या कागदापर्यंत रंग रेघेबाहेरही सरकतो. भारीतला बारेन, म्हणजे कागद मागून घासायची चकती, घेऊ का? की चेरीच्या फळ्या घेऊ?

कोरणी:
बारेनवर आत्ता पैसे घालू नका. तिळाची उपमा अगदी बरोबर दिलीत, जपानीतही ह्याला गोमाझुरीच म्हणतात, गोमा म्हणजे तीळ. बहुतेक वेळा खळ कमी पडलेली असते किंवा कागद कोरडा असतो. ठशावर रंग घातलात की शेजारी मटाराएवढी तांदळाची खळ ठेवा, ब्रशनं दोन्ही एकजीव करा आणि मग बारेन अंगाचा भार देऊन फिरवा.

खरं काम आदल्या रात्रीचं. एकाआड एक कागदावर ओला ब्रश फिरवायचा, गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून वजनाखाली ठेवायचा. सकाळी कागद हाताला गार लागावा, पण पाणी दिसता कामा नये. रंग सरकतो त्याचं मूळही इथंच आहे. ओला वाशी, म्हणजे जपानी कागद, फुगतो, छापता छापता वाळला की आकसतो, मग केन्तोच्या, म्हणजे कागद जागेवर बसवायच्या, खाचा कितीही अचूक कोरल्या तरी उपयोग नाही. छापलेला कागदही लगेच ओल्या गठ्ठ्यात परत ठेवा. त्सुयूच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, दिवसांत गठ्ठा फ्रिजमध्ये, नाहीतर बुरशी धरते.

कागदाला दोसा, म्हणजे सरस-तुरटीचं पाणी, दिलेला आहे ना? नसेल तर रंग फुटतो. रंगांच्या ठशांना शिना पुरे. केसासारख्या रेघा हव्या असतील तरच चेरी.

पैलतीर:
तुमच्याच किनाऱ्याचं, ठसाचित्रकार होकुसाईचं चित्र पाहिलंत का? त्याच्या फुजी पर्वताच्या चित्रमालिकेत शिचिरिगाहामा आहे, जवळजवळ सगळं निळ्यात. १८३१च्या सुमाराची ती प्रसिद्ध मोठी लाट त्याच मालिकेतली, आणि तिच्या बाह्यरेषाही काळ्या नाहीत, निळ्या आहेत. तुमचा रेघांचा ठसा काळ्यात छापत असाल तर एकदा प्रशियन ब्लूमध्ये छापून बघा. काळी रेघ पाण्याला कुंपण घालते, असं माझं मत.
ठसाचित्रकार योशिदा हिरोशीची १९२६ची शिडाच्या होड्यांची चित्रंही बघा. तेच ठसे, फक्त रंग बदलून सकाळ, दुपार, रात्र. म्हणून चार ठशांवर थांबा, पाचवा कोरू नका.

खारावारा:
कोरणी, पैलतीर, मनापासून आभार! कागद नुसता स्प्रे मारून लगेच वापरत होते. काल रात्रभर मुरवला, खळ वाढवली, रेघा निळ्या केल्या. बारापैकी आठ छाप स्वच्छ आले, शेवटच्या कागदावरही एनोशिमा जागेवर! आता क्षितिजाकडे निळा विरत न्यायचाय. कडेला पट्टा उमटतो.

कोरणी:
वा! असा रंग विरत नेण्याला बोकाशी म्हणतात. रंग लावण्याआधी ठसा ओल्या फडक्यानं पुसा. रंग ब्रशच्या एकाच कोपऱ्यावर घ्या, क्षितिजाला समांतर मागेपुढे चालवा, बिनरंगाचा कोपरा कायम क्षितिजाकडे. पट्टा उमटतो म्हणजे तिथं लाकूड कोरडं आहे. एका दमात गडद करू नका, फिक्यावर फिका असं तीनदा छापा. आठातले दोन छाप त्यासाठी बाजूला काढा, आणि फोटो नक्की टाका.