'चीअर'मधल्या मुलींची प्रसिद्धी: मेहनतीचं फळ की दुखण्याचा तमाशा?

मृणाल

नेटफ्लिक्सवरची 'चीअर' ही माहितीपट-मालिका नुकतीच दुसऱ्यांदा पाहिली, आणि घरात दोन दिवस वाद चालला. तो इथे मांडते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेक्सासमध्ये डॅलसच्या दक्षिणेला कॉर्सिकाना हे छोटं गाव. तिथल्या नवारो या दोन वर्षांच्या कॉलेजचा चीअरलीडिंगचा संघ, तेव्हाच्या प्रशिक्षक मोनिका अल्डामा. संघात चाळीसेक मुलंमुली, पण मॅटवर उतरतात फक्त २०. वर्षभराचा सगळा सराव एप्रिलमध्ये फ्लोरिडातल्या डेटोना बीचवर होणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या सव्वादोन मिनिटांच्या सादरीकरणासाठी. जानेवारी २०२० मध्ये मालिकेचे सहा भाग आले आणि संघातल्या मॉर्गन सिमियनर, गॅबी बटलर ही नावं अमेरिकेत घरोघरी पोचली.

माझा नवरा म्हणतो, या पोरींना टीव्हीने वापरून घेतलं. मला हे मुळीच पटत नाही. या खेळात कॉलेज संपलं की पुढे काही नाही. बास्केटबॉलवाल्याला निदान व्यावसायिक लीगचं स्वप्न तरी असतं. इथे वीस-एकविसाव्या वर्षी सगळं संपतं. आजी-आजोबांनी वाढवलेली मॉर्गन जे हवेत करते ते जगाने पाहिलं, तिला जाहिराती मिळाल्या, नाव मिळालं. तिच्या कष्टांना मोल देणारं दुसरं कुणी होतं का? कॉलेजच्या कपाटातल्या करंडकांनी तिचं पुढचं भाडं भरलं नसतं.

तिसरा थर

मृणालताई, मी तुमच्या यजमानांच्या बाजूने.

मी आठ वर्षं गोविंदा पथकात होतो, टोपणनाव त्यावरूनच. मॉर्गनच्या बरगड्या दुखत असतात, तरी ती वर चढते, खाली झेलली जाते, परत वर. झेलणाऱ्याचे हात नेमके कुठे लागतात हे ज्याने थर लावलेत त्याला बघवत नाही. मी ते भाग पुढे ढकलून पाहिले. सरावात पडल्यावर माझा खांदा निखळला होता. 'दहा दिवसांवर आलंय, पट्टी बांध' असं मला सांगितलं गेलं आणि मी बांधली, कारण जागा गेली तर दुसरा पोरगा तयार उभा होता. बाहेर बसलेले २० जण असतात ना, त्यांची भीती हाच तिथला खरा प्रशिक्षक असतो.

आता या भीतीवर कॅमेरा लावा. पोरगी थांबली तर तिची कथाही थांबते. मग ती थांबेल का? निर्मात्यांना टीव्हीचे एमी पुरस्कार मिळाले. बरगड्या मात्र तिच्याच.

फ्रिस्कोकर

माझी मुलगी नऊ वर्षं चीअर करते आहे, आम्ही डॅलसजवळ राहतो. आधी एक सांगतो. आपल्याकडे चीअरलीडर म्हटलं की २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये बंगळुरूच्या संघाने वॉशिंग्टनहून आणलेल्या मुली आठवतात. भारतातल्या नातेवाइकांना मुलीचं चीअर सांगताना मला अजून जड जातं. हा प्रकार वेगळा आहे. यात टंबलिंग म्हणजे कोलांट्या आहेत, बास्केट टॉस म्हणजे हातांवरून हवेत उडवणं आहे, पिरॅमिड आहे. जिम्नॅस्टिक्स आणि थर एकत्र केल्यासारखं समजा.

प्रसिद्धीबद्दल मी मृणालशी सहमत आहे. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघांच्या चीअरलीडर्सची अवस्था बघा. २०१४ मध्ये ओकलंड रेडर्सच्या मुलींना साधं किमान वेतन मिळावं म्हणून कोर्टात जावं लागलं, शेवटी साडेबारा लाख डॉलरवर तडजोड झाली. नवारोच्या मुलींना मालिकेनंतर जे मिळालं ते त्याहून कितीतरी सन्मानाचं आहे. आणि गॅबी काही मालिकेने घडवलेली नाही. चीअरच्या जगात ती आधीपासून तारा होती, माझ्या मुलीच्या जिममध्ये सगळ्यांना तिचं नाव पाठ होतं.

सुलभा प.

गॅबीचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं असं मला वाटतं. मालिकेत तिचे आईवडीलच तिच्या कामाचं, प्रतिमेचं बघताना दिसतात. पोर सरावाने पिळून निघालेली, आणि फोनवर पुन्हा कामाचंच बोलणं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं. हुशार मुलांच्या घरी हे मी फार पाहिलंय, त्या मुलांचं दमणं कुणाला दिसत नाही.

शिवाय याच संघातल्या, सगळ्यांच्या लाडक्या जेरी हॅरिसचं काय? सप्टेंबर २०२० मध्ये त्याला अटक झाली, अल्पवयीन मुलांसंबंधीच्या गुन्ह्यांची कबुली दिल्यावर २०२२ मध्ये १२ वर्षांची शिक्षा झाली. गुन्हा त्याचा, टीव्हीचा नाही, हे मान्य. पण ज्याला आपण सहा भागांत ओळखलं असं वाटलं, त्याला आपण ओळखत नव्हतो. या जगात लहान मुलांच्या सुरक्षेकडे कोण बघतं, हा प्रश्न पहिल्या सहा भागांत कुणाला पडलाच नाही.

मृणाल

सुलभाताई, जेरीबद्दलचं तुमचं म्हणणं मी मान्य करते, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरा थर, तुमच्या खांद्याचं वाचून वाईट वाटलं. पण दोष कॅमेऱ्याचा नाही, असं मला अजूनही वाटतं. तुमच्या सरावाला कुठे कॅमेरा होता? खरा घोळ 'हा खेळच नाही' या निकालात आहे. २०१० मध्ये क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात कोर्टाने, मुलींना खेळात समान संधी देण्याच्या कायद्यासाठी, स्पर्धात्मक चीअरला मुलींच्या खेळांत मोजायला नकार दिला. विद्यापीठ व्हॉलीबॉल बंद करून त्या जागी चीअर दाखवू पाहत होतं, त्यामुळे व्हॉलीबॉलच्या मुलींसाठी तो निकाल योग्यच होता. पण एनसीएए या अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या यादीत चीअर नाही, म्हणून तिथल्या खेळांना असलेली आठवड्याला २० तासांची सरावमर्यादाही त्याला लागू नाही. गंमत म्हणजे त्याच कारणाने या मुली जाहिरातींतून कमवू शकल्या. एनसीएएच्या खेळाडूंना ती मोकळीक जुलै २०२१ मध्ये मिळाली. ज्या दारातून संरक्षण निघून गेलं त्याच दारातून पैसा आत आला. मग तो तरी त्यांनी घेऊ नये?

तिसरा थर

घ्यावा की. पैशाला माझा विरोध नाहीच. चाळीस जणांतल्या पाच-सहा चेहऱ्यांना तो मिळाला, बाकीच्यांनीही तेवढ्याच उड्या मारल्या, एवढं म्हणतोय.

कॅमेरा नसतानाही मी पट्टी बांधली, हे तुमचं बरोबर. त्यावर विचार करतोय. पण माझं दुखणं बघून कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. इथे पट्टी बांधणं हेच शौर्य म्हणून लाखो पोरांना दाखवलं गेलं. मुलींच्या खेळांतल्या जन्मभराच्या दुखापतींत सगळ्यात मोठा वाटा चीअरचा आहे, हे अमेरिकेतले अभ्यासक कधीपासून सांगत आलेत. आपल्याकडे २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं, जीव गेला तर घरच्यांना १० लाख जाहीर केले. सरावात खांदा गेलेल्यासाठी त्या यादीत मला काही दिसलं नाही.

फ्रिस्कोकर

मुलीला हा धागा वाचून दाखवला. ती सोळाची आहे, फ्लायर आहे, म्हणजे वर चढणारी, हवेत उडवली जाणारी. म्हणाली, "बाबा, मॉर्गनला पाहूनच मी दोन वर्षांपूर्वी मनगट दुखतंय हे लपवलं होतं."

मला हे आजपर्यंत माहीत नव्हतं. उद्या तिच्या कोचशी बोलायला जातोय.