आंत्रशा : मांजर की वेणी?

मूळ लेखन
बॅलेमधील 'आंत्रशा' या उडीचा अर्थ 'मांजराची उडी' असा सांगितला जातो, कारण या शब्दाच्या शेवटी येणाऱ्या 'शा'चा फ्रेंचमध्ये अर्थ मांजर असा आहे. हा अर्थ चुकीचा आहे आणि तो शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळ शब्दप्रयोग इटालियन आहे : 'काप्रिओला इंत्रेच्चाता', म्हणजे गुंफलेली उडी; 'त्रेच्चा' म्हणजे वेणी. नर्तक सरळ वर झेपावतो आणि हवेत असताना त्याचे ताठ पाय वेणीच्या पेडांसारखे झपाट्याने एकमेकांच्या पुढे-मागे जातात.

प्रतिसाद १
मी असहमत आहे. फ्रेंचांनी इटालियन शब्द आपल्या जिभेला रुचेल असा घडवला आणि त्याचे रूप मांजराशी जुळले, ही लोकव्युत्पत्ती असली तरी शब्दाच्या चरित्रातील खरी घटना आहे. शब्दाचा अर्थ त्याचे आजोळ ठरवत नाही, बोलणारे ठरवतात. शिवाय 'पा द शा', म्हणजे मांजराचे पाऊल, ही उडी बॅलेत आहेच.

मूळ लेखकाचे उत्तर
'पा द शा'मुळे तर माझेच म्हणणे बळकट होते. त्या उडीत नर्तक एकामागून एक गुडघे वर ओढून बाजूला झेपावतो, म्हणून तिथे मांजर शोभते. आंत्रशाची मोजणीसुद्धा गुंफणीची आहे : प्रत्येक पायाची हालचाल वेगळी धरतात, त्यामुळे 'आंत्रशा सिस'मधील सहा म्हणजे प्रत्येक पायाच्या तीन, आकडा विषम असेल तर नर्तक एका पायावर उतरतो. १८व्या शतकात पॅरिसमध्ये मारी कामार्गो हिची ख्याती चारच्या आंत्रशासाठी होती, आणि पायांची ही गुंफण दिसावी म्हणूनच तिने घागरा आखूड केला, असे सांगतात.

प्रतिसाद २
मोजणीचा मुद्दा मान्य आहे. परंतु 'बॅले' हा शब्दही इटालियन 'बाल्लेत्तो'वरून आलेला आहे, आणि चौदाव्या लुईने १६६१ मध्ये पॅरिसला नृत्य अकादमी स्थापन केल्यावर या कलेची परिभाषा फ्रेंचमध्येच स्थिरावली. आज 'आंत्रशा' उच्चारणाऱ्या फ्रेंच नर्तकाला त्यात वेणीही ऐकू येत नाही. मग मांजर पुसून वेणी लादण्याचा आग्रह कशासाठी?

मूळ लेखकाचे उत्तर
कारण पाय कसे हलवायचे, हे वेणीवरून समजते. नवशिक्याने मांजर डोळ्यांपुढे आणले, तर तो गुडघे वाकवील आणि ही उडी तिथेच फसेल. मांजराची गोष्ट अवश्य सांगावी, परंतु पाय ताठ राहू लागल्यानंतर.